मालकाने करावयाची पर्यायी सोय

एखाद्याने मला विचारलं, की दुसरं घर घेऊन भाड्याने द्यावं म्हणतो, तुमचं काय मत, तर मी आधी त्याला विचारतो, "तुम्ही स्वतः राहता कुठे?" लोकांना हा प्रश्न गैरलागू वाटतो. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटला असता.

आम्ही नवराबायको भाड्याच्या घरात राहत होतो. एकोणीस वर्षं. घरमालक वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. मालकांना सगळे अप्पा म्हणत. कोर्टात कारकून होते, आणि निवृत्त झाले तरी त्यांच्या बोलण्यातून 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द निवृत्त झाले नव्हते. भाडं कमी होतं. बायको रुग्णालयात रक्ताच्या तपासण्या करते, ते रुग्णालय चालत दहा मिनिटांवर. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो, तो छापखाना पंधरा मिनिटांवर. त्यामुळे गावाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही दोन खोल्यांची जागा घेतली तेव्हा तिथे राहायला जावं असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही. निवृत्तीनंतर जाऊ, तोवर भाड्याने देऊ, असं एका संध्याकाळी ठरलं. पुढचं सगळं या एका ठरवण्यातून निघालं.

मी पद्धतशीर माणूस आहे. एका वहीत मी अकरा प्रश्न काढले. भाडं किती सांगावं? घर कोणाला द्यावं? दुरुस्ती कोणी करायची? मधूनमधून जाऊन घर पाहावं का? भाडेकरू उठत नसेल तर काय? आता हे प्रश्न कोणाला तरी विचारायला हवे होते, आणि माझ्या ओळखीत घरमालक एकच होता. वही घेऊन मी वर गेलो.

एकोणीस वर्षं दर महिन्याला मी अप्पांच्या उंबरठ्यावर उभा राहून भाडं दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा, मालक," ते म्हणाले.

मी बसलो. खुर्चीत बसल्यावर त्यांची खोली बरीच मोठी दिसते हे माझ्या लक्षात आलं.

"घर कोणाला द्यायचं यापेक्षा कोणाला द्यायचं नाही ते लिहून घ्या," अप्पा म्हणाले. "वकिलाला देऊ नका, तो कायदा शिकवील. मास्तराला देऊ नका, तो सगळंच शिकवील. नवं जोडपं नको, वर्षाच्या आत पाळणा हलतो. म्हातारं जोडपं नको, ते मुळीच हलत नाही. एकटा पुरुष नको. एकटी बाई तर नकोच नको."

"मग राहिलं कोण?"

"म्हणून तर तुम्हाला एवढी वर्षं ठेवून घेतलंय. असे भाडेकरू आता मिळत नाहीत."

हे कौतुक आहे असं समजून मी ते वहीत लिहिलं नाही. मग दुरुस्तीचा प्रश्न काढला.

"सोपं आहे," अप्पा म्हणाले. "पहिल्या तक्रारीला म्हणायचं, 'बघतो.' दुसऱ्या तक्रारीला म्हणायचं, 'बघतो म्हटलं ना.' तिसरी तक्रार येत नाही. तोवर भाडेकरू आपलं आपण करून घेतो, नाहीतर त्याला सवय होते."

मी लिहू लागलो, आणि 'सवय होते' पाशी माझा हात जरा रेंगाळला. आमच्या स्वयंपाकघरातली खिडकी गेली सहा वर्षं सुतळीने बांधलेली होती. मी वर पाहिलं. अप्पा त्यांच्या खिडकीतून बाहेर बघत होते. ती खिडकी नीट लागत होती.

खाली येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे आपली दुसरी तक्रार झालेली आहे," ती म्हणाली. "मग तिसरी करा की."

मी तिला समजावलं, की आता अप्पा आणि मी एकाच व्यवसायातले झालो, तेव्हा तसं बरं दिसणार नाही.

भाडेकरू आणायचं काम एका दलालाकडे दिलं. तो नेहमी पांढरे बूट घालायचा आणि प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला त्या बुटांकडे बघायचा. त्याने आठवड्याभरात तीन गिऱ्हाइकं आणली. पहिल्याने जागा पाहायच्या ऐवजी आपल्या कपाटाचं माप काढलं आणि कपाट जागेपेक्षा मोठं आहे असं सांगून तो गेला. दुसऱ्याला घरात लाकूड कापायचं यंत्र बसवायचं होतं. तिसरं एक जोडपं होतं. ते जागा बघता बघता भांडलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी वेगवेगळं येऊन विचारलं, की एकट्याला द्याल का.

मग बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या, वय चौसष्ट. अप्पांच्या यादीतल्या दोन नकारांची बेरीज माझ्या दारात उभी होती. बाईंनी सगळे नळ सोडले, सगळे दिवे लावले, दारं उघडून, बंद करून पाहिली, आणि पिशवीतून काचेची एक गोटी काढून न्हाणीघराच्या फरशीवर ठेवली. गोटी सावकाश घरंगळत दारातून बाहेर आली आणि माझ्या बुटाला लागून थांबली.

"उतार उलटा आहे," बाई म्हणाल्या. "पाणी बाहेर येणार."

"तसं काही होत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी घरमालकाच्या आवाजात बोललो होतो.

"तुम्ही इथे राहिला आहात?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी दलालाकडे पाहिलं. दलालाने बुटांकडे पाहिलं. त्या वेळी मी हाताची घडी घालून उभा होतो, असं तो मला नंतर म्हणाला.

"सतरा घरं झाली माझी," बाई म्हणाल्या, "म्हणून विचारते. त्या वहीत काय आहे?"

"प्रश्न आहेत."

"मग विचारा."

भाडेकरूला विचारायचे प्रश्न वेगळे असतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी वही उघडली आणि पहिला प्रश्न वाचला, "भाडं किती सांगावं?"

बाईंनी क्षणभर विचार करून एक आकडा सांगितला. तो माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा मोठा होता. मी घासाघीस न करता मान्य केला.

अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "बाई, एकटी, आणि वर शिक्षिका," ते म्हणाले. "मी सांगत होतो तेव्हा तुम्ही लिहीत काय होता?"

कराराचा मसुदा बाईंनीच आणला. सतरा घरांच्या अनुभवातून तो घोटून घोटून तयार झालेला होता. मी तो दोनदा वाचला. पण सव्वीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्याचं वाचन वेगळं असतं. मला त्यात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक सापडली नाही, आणि त्या आनंदात अर्थाकडे लक्ष गेलं नाही. कलम चौदामध्ये एक स्वल्पविराम हवा होता, असं मी सुचवलं. तो का नको हे बाईंनी मला समजावून सांगितलं. मी सही केली.

नोंदणी कचेरीत अंगठ्याचा ठसा यंत्रावर द्यायचा होता. बाईंचा एका दमात उमटला. माझा उमटेना.

"हलका दाबा," कारकून म्हणाला. "जोरात दाबा. पुसून दाबा. तुम्ही काम काय करता?"

"कागद उलटतो."

"मग बरोबर आहे. अंगठा आहे, पण ठसा नाही. तुम्ही मालक आहात असं यंत्राला वाटत नाही."

अंगठा माझाच असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणायला त्याने सांगितलं. मी बायकोच्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हणालो, "काहीच होत नाही, हाच त्रास आहे." शेवटी 'सदर अंगठा सदर इसमाचाच आहे' अशा मजकुराचा दाखला घेऊन मी तिसऱ्यांदा गेलो, तर त्या दिवशी दुसरा कारकून होता. त्याने माझा अंगठा ओल्या स्पंजावर दाबला, यंत्रावर टेकवला, आणि ठसा उमटला. दाखला त्याने बघितलासुद्धा नाही. तो अजून माझ्याकडे आहे.

बाई राहायला गेल्या. बाराव्या दिवशी पत्र आलं. सुवाच्य अक्षरात तेवीस बाबी, प्रत्येकीपुढे 'पूर्ततेचा दिनांक' अशी रिकामी चौकट. पहिली बाब : न्हाणीघरातलं पाणी बाहेर येतं. दुसरी : तिथला नळ ठिबकतो. मी फोन केला आणि ठरल्याप्रमाणे म्हणालो, "बघतो."

"कधी?" बाईंनी विचारलं.

अप्पांच्या पद्धतीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "रविवारी."

"तसं लेखी कळवा. कलम सहा."

माझ्याच घरी जायला परवानगी मागणारं पत्र मी मलाच तीनदा वाचायला दिलं आणि मग पाठवलं. दरम्यान अप्पा म्हणाले होते, की एवढ्याशा नळाला प्लंबर कशाला, पाना असला की झालं. पाना त्यांनी दिला. रविवारी मी नळ उजवीकडे फिरवला. नळ फिरला, आणि त्याच्याबरोबर भिंतीच्या आत आणखी काहीतरी फिरलं. भिंतीतून घसा खाकरल्यासारखा आवाज आला. मग ठिबकणं एकदम बंद झालं.

"झालं," मी म्हणालो.

"पाणी बंद झालं," बाई म्हणाल्या, "की दुसरीकडे गेलं?"

पाणी खाली गेलं होतं. खालच्या मजल्यावर विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणारे एक गृहस्थ राहत. ते तासाभराने वर आले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते मला शांतपणे आपल्या घरी घेऊन गेले, शिडीवर चढले आणि छतावरच्या डागाभोवती शिसपेन्सिलीने रेघ मारून त्यांनी वेळ लिहिली. दर तासाला ते एक नवी रेघ मारत होते. संध्याकाळपर्यंत त्यांचं छत नकाशातल्या डोंगरासारखं दिसू लागलं.

"एकूण किती झालं म्हणायचं?" मी विचारलं.

"नुकसान चालू आहे," ते म्हणाले. "संपलं की आकडा काढतो."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने डॉक्टर छातीवर बोटं वाजवतात तशी भिंत वाजवून पाहिली.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"आधीच्या माणसाने," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे फक्त पाहिलं. "मी केलं," मी म्हणालो.

न्हाणीघर अख्खं उखडावं लागणार होतं. पंधरा दिवस. बाईंनी फाइल उघडून करार माझ्यापुढे धरला. कलम अकरा : जागा राहण्याजोगी नसेल तितके दिवस मालकाने भाडेकरूची पर्यायी सोय करावी. वाक्य निर्दोष होतं. मला ते पहिल्या वाचनातही फार आवडलं होतं.

अशा रीतीने बाई आमच्या घरी राहायला आल्या.

मला वाटलं होतं बायको वैतागेल. पण दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाला शिस्तीचं माणूस आवडतं. दोघींचं सूत जमलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी आमच्या बैठकीच्या खोलीत गोटी ठेवली. ती कपाटाखाली गेली आणि सापडली नाही. बाईंकडे दुसरी होती. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी थांबल्या.

"ही सुतळी कधीपासून?"

"सहा वर्षं."

"मालकांना लेखी दिलं होतं?"

"तोंडी. दोनदा."

गृहपाठ घरी विसरलो असं सांगणाऱ्या मुलाकडे बघतात तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी बाईंनी सांगितलं, बायकोने लिहून घेतलं आणि मी मुद्रित तपासलं. एकूण एकतीस बाबी झाल्या. मला थोडं बरंही वाटलं. घरमालक म्हणून मी अप्पांपेक्षा आठ बाबींनी उजवा होतो.

पत्र मीच वर नेऊन दिलं. अप्पांनी ते उभ्यानेच वाचलं. मलाही खुर्ची दिली नाही.

"बघतो," ते म्हणाले.

"कधी?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण बराच खालून आला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. उपरोक्त भाडेकरू हे आता स्वतः घरमालक झालेले असल्याने त्यांस सदर जागेची निकड उरलेली नाही; सबब त्यांनी दोन महिन्यांत जागा खाली करून द्यावी. आमचा करार एकोणीस वर्षांपूर्वी एका वर्षासाठी झाला होता. पुढे तो कोणी वाढवला नव्हता. मी अप्पांच्या शब्दावर राहत होतो, आणि अप्पांनी आता लेखी शब्द दिला होता.

बायकोने पत्राची नीट घडी केली. "आपलं घर आहे ना," ती म्हणाली.

"आहे. पण ते बाईंना दिलंय."

"बाई इथे आहेत."

"तिथे प्लंबर आहे."

यावर ती हसली नाही. ती उठली आणि कपाटातली भांडी उगाचच पुन्हा लावू लागली. याच घरात तिचं पहिलं नोकरीचं पत्र आलं होतं, तिची आई शेवटचं आजारपण याच बैठकीच्या खोलीत काढून गेली होती. भाड्याच्या घरात या गोष्टी मोफत साठत जातात, आणि सामानाच्या यादीत कुठे लिहिता येत नाहीत.

बाईंना जा म्हणणं शक्य नव्हतं. कलम चौदा : दोन वर्षांच्या आत मालकास कोणत्याही कारणास्तव जागा परत मागता येणार नाही. तो मी सुचवलेला स्वल्पविराम या कलमातला. तेव्हा आता मी भाड्याने घर शोधायला निघालो. सोबत पांढरे बूट होतेच. त्याने मला पाच मालकांपुढे उभं केलं.

"काय करता?" एकाने विचारलं.

"मुद्रितं तपासतो."

"म्हणजे चुका काढता," तो म्हणाला, आणि मुलाखत संपली.

बाकीचे चौघे एकच प्रश्न विचारत. "स्वतःचं घर आहे का?" मी आहे म्हणायचो. "मग तिथे का राहत नाही?" मी खरं ते सांगायचो. घर आहे, पण भाडेकरूकडे आहे. भाडेकरू आमच्या घरी आहे. आमचं घर मालकाला हवंय. तिसऱ्या वाक्याला समोरचा माणूस दलालाकडे बघायचा, आणि दलाल खाली.

महिना असा गेला. न्हाणीघराचे पंधरा दिवस कधीच उलटले होते. प्लंबर गेला होता आणि फरशीवाला यायचा होता. एका रविवारी दुपारी, बायको कामावर असताना, मी बाईंसमोर जाऊन बसलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण बाईंनी आपलं वाचन बाजूला ठेवलं आणि मला काही आठवेना.

"पत्र मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकोने दाखवलं."

"मी तुम्हाला उठा म्हणत नाही."

"म्हणता येणारही नाही."

"माहीत आहे. कलम चौदा."

बाई म्हणाल्या, "सतरा घरांपैकी अकरा घरं मला एकाच कारणासाठी सोडावी लागली. मालक यायचा आणि म्हणायचा, जागा मला स्वतःला राहायला हवी आहे. अकराच्या अकरा खोटं बोलत होते. त्यानंतर मी ते कलम घातलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जागा खरंच हवी असलेला मालक मी पहिल्यांदाच बघतेय. आणि तो मागत नाहीये."

मी पाणी प्यायला उठलो.

परत आलो तेव्हा बाई खोलीत नव्हत्या. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ बोलणं, शब्द न कळणारं. मग छतावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीतरी घरंगळत गेलं. तासाभराने बाई खाली आल्या आणि त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"ही जागा मी घेतली," त्या म्हणाल्या. "तुमचा करार आपण उभयपक्षी संमतीने रद्द करू. कलम बावीस. ते तुम्ही वाचलं असेलच."

"अप्पा कबूल झाले?"

"एकतीसच्या एकतीस बाबी. माझा करार सुरू होण्याआधी."

ते कसे कबूल झाले हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. नंतर अप्पाच म्हणाले. बाईंनी देऊ केलेलं भाडं आमच्या तिप्पट होतं, हे एक. दुसरं म्हणजे बाईंनी नवा मसुदा सबंध कोर्टाच्या भाषेत लिहून नेला होता. "एकेक वाक्य वाचावं असं," अप्पा म्हणाले. "अलीकडे कोण लिहितं तसं?" त्यांनी तो वाचला आणि सही केली. अर्थाकडे त्यांचं लक्ष गेलं नसावं.

स्वयंपाकघरातली खिडकी सुताराने एका सकाळी दुरुस्त केली. पाऊण तास लागला. बायको चहाचा कप हातात धरून दारात उभी राहून ते बघत होती. सुतार गेल्यावर तिने खिडकी लावून पाहिली, उघडून पाहिली, आणि पुन्हा लावली. त्यानंतर चार दिवसांनी आम्ही सामान हलवलं.

आता बायकोला कामावर जायला दोन बस बदलाव्या लागतात, मला एक. न्हाणीघर मात्र इमारतीत सर्वांत चांगलं झालंय. पाणी जायचं तिथेच जातं. खालच्या गृहस्थांनी छताला रंग दिला, पण त्याआधी डोंगराचा एक फोटो काढून मला आठवण म्हणून दिला. बाई महिन्यातून एकदा बायकोला भेटायला येतात. अप्पांच्याकडे दुरुस्तीची माणसं सारखी येत-जात असतात, असं त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

पहिल्या रविवारी बायकोने भिंतीवरचं घड्याळ खोक्यातून काढलं आणि म्हणाली, "इथे लावू या." मी खिळा ठोकला. ती लांब उभी राहून म्हणाली, "थोडं डावीकडे." मी तो उपटला, डावीकडे दुसरा ठोकला. पहिल्या जागी भोक राहिलं, थोडा चुना खाली पडला. मी हातोडी धरून तसाच उभा राहिलो आणि छताकडे पाहिलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"वरून कोणी काही म्हणत नाही," मी म्हणालो.

ती हसली, आणि पेटीतून आणखी दोन खिळे काढून तिने माझ्या हातावर ठेवले.